पदक, गणवेश आणि जळालेले गाव : हान्स व्योल्के या विजेत्याचा पुरता हिशेब

क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकात हान्स व्योल्के एका ओळीत संपतो. बर्लिन ऑलिम्पिक, १९३६, पुरुषांची गोळाफेक, सुवर्णपदक, १६.२० मीटर. पुढे कंसात मृत्यूची तारीख असते, २२ मार्च १९४३. वाचणारा समजून घेतो की युद्धाचे दिवस होते, बिचारा तरुणपणीच गेला.

त्याच तारखेची आणखी एक नोंद आहे. बेलारूसमधल्या खातिन गावात त्या दिवशी १४९ माणसे मारली गेली. त्यांपैकी ७५ मुले होती. या दोन नोंदी बहुतेक वेळा वेगवेगळ्या पुस्तकांत राहतात. एकात विजेता असतो, दुसऱ्यात बळी असतात. आणि जेव्हा दोन्ही एकत्र आणल्या जातात, तेव्हा एक सोयीस्कर वाक्य तयार होते : "ऑलिम्पिक विजेत्याला मारले म्हणून गाव जाळले."

आमचा आक्षेप या वाक्याला आहे. ते माहिती दिल्यासारखे वाटते, पण त्यात मारणाऱ्यांचीच बाजू दडलेली आहे. एका माणसाच्या मरणाला कारण ठरवायचे आणि १४९ माणसांच्या मरणाला त्याचा परिणाम, ही वाटणी कोणी केली? ती तपासायची असेल तर व्योल्केचे आयुष्य पहिल्यापासून पाहावे लागेल.

पोलिसांचा खेळाडू

व्योल्केचा जन्म १८ फेब्रुवारी १९११ चा, पूर्व प्रशियातल्या बिशॉफ्सबुर्ग या छोट्या शहरातला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तो पोलिसात नोकरीला होता आणि गोळाफेक करत होता. तेव्हाच्या जर्मनीत यात विशेष काही नव्हते. पोलिसांचे स्वतःचे क्रीडा संघ होते, मैदाने होती आणि सरावाला सवलत होती. आपल्याकडे रेल्वे, पोलीस आणि लष्कर खेळाडू घेतात, तसाच हा प्रकार. गरीब किंवा मध्यम घरातल्या धडधाकट मुलाला त्यातून पगारही मिळतो आणि मैदानही.

पण १९३६ साल साधे नव्हते. ज्यूंना क्रीडा संघटनांतून हाकलून तीन वर्षे झाली होती. न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले होते. १७ जून १९३६ रोजी एसएसचा प्रमुख हाइनरिख हिमलर सगळ्या जर्मन पोलिसांचा प्रमुख झाला. याचा अर्थ असा की पक्षाची सशस्त्र संघटना आणि राज्याचे पोलीस यांची दोरी एकाच माणसाच्या हातात गेली. व्योल्के ज्या खात्यात होता ते खाते ऑलिम्पिकच्या दीड महिना आधीच बदललेले होते.

जुलै महिन्यात बर्लिन पोलिसांनी शहरातल्या सिंती आणि रोमा कुटुंबांना उचलले आणि शहराच्या कडेला मारझान येथे सांडपाण्याच्या शेताजवळ नेऊन ठेवले. पाहुणे येणार होते, शहर "स्वच्छ" दिसायला हवे होते. स्वच्छतेच्या नावाखाली माणसे गावकुसाबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच महिन्यात ग्रेटेल बेर्गमान या ज्यू खेळाडूला संघातून वगळल्याचे पत्र आले. उंच उडीत तिने नुकतीच राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केली होती, तरी तिची कामगिरी पुरेशी नाही असे तिला कळवण्यात आले.

खेळाचे मैदान सगळ्यांना समान असते, असे म्हणतात. बर्लिनच्या मैदानात कोण उतरणार हे आधीच, जन्मावरून, ठरले होते. जे उरले त्यांच्यात स्पर्धा झाली.

२ ऑगस्ट १९३६ रोजी, मैदानी स्पर्धांच्या पहिल्याच दिवशी, व्योल्केने ७.२६ किलोचा गोळा १६.२० मीटर फेकला. फिनलंडचा सुलो बार्लुंड १६.१२ मीटरवर दुसरा आला. विश्वविक्रम ज्याच्या नावावर होता तो अमेरिकेचा जॅक टॉरन्स पाचवा राहिला. मैदानी खेळांत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा व्योल्के हा पहिला जर्मन पुरुष होता. कामगिरी खरीच मोठी होती. ती नाकारण्याचे कारण नाही.

त्या दिवशी हिटलरने जर्मन आणि फिनिश विजेत्यांना आपल्या कक्षात बोलावून त्यांचे अभिनंदन केले. संध्याकाळी उंच उडीत अमेरिकेचा कृष्णवर्णीय खेळाडू कॉर्नेलियस जॉन्सन जिंकला, पण त्याच्या सन्मानाआधीच हिटलर निघून गेला होता. हे मुद्दाम झाले की वेळेमुळे, यावर इतिहासकार वाद घालतात. एवढे मात्र खरे की त्यानंतर ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांनी कळवले : अभिनंदन सगळ्यांचे करा, नाहीतर कोणाचेच करू नका. हिटलरने दुसरा पर्याय घेतला.

व्योल्केला पोलीस खात्यात बढती मिळाली, तो अधिकारी झाला. आमच्या मते त्याच्या आयुष्यातला कळीचा सांधा हा आहे. खेळाडू एक आणि पोलीस अधिकारी दुसरा, अशी दोन माणसे इथे नाहीत. गोळा फेकूनच तो अधिकारी झाला. पदक आणि खांद्यावरची फीत एकाच हाताने दिलेली होती.

साधे पोलीस काय करत होते

बरेच जण म्हणतील, पोलीस म्हणजे काही एसएस नव्हे, गेस्टापो नव्हे. युद्ध संपल्यावर जर्मनीत अनेक वर्षे हाच बचाव चालला. हिरव्या गणवेशातले पोलीस वाहतूक सांभाळत होते, चोर पकडत होते, एवढेच.

इतिहास वेगळे सांगतो. या पोलिसांच्या तुकड्या पोलंडमध्ये आणि सोव्हिएत प्रदेशात पाठवल्या गेल्या आणि सामूहिक हत्याकांडांत त्या थेट सामील होत्या. क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने १९९२ मध्ये अशाच एका राखीव तुकडीचा, १०१ क्रमांकाच्या बटालियनचा, अभ्यास प्रसिद्ध केला. हॅम्बुर्गचे मध्यमवयीन कामगार आणि कारकून १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफूफ गावात उतरले आणि दिवसभरात सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घालून परतले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे त्यांच्या प्रमुखाने सुरुवातीलाच सांगितले होते. सुमारे ५०० जणांतून त्या क्षणी डझनभर लोक बाजूला झाले.

समाजशास्त्र शिकताना आम्ही हे प्रकरण वाचले तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. अत्याचाराला राक्षस लागत नाहीत. हुकूम, गणवेश, सोबतीचे चार जण आणि "समोरचा आपल्यातला नाही" ही शिकवण एवढी सामग्री पुरते.

पण जर्मन पोलीस पुरेसे नव्हते. म्हणून व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांच्या सहायक पोलीस तुकड्या उभ्या केल्या गेल्या. वर जर्मन अधिकारी, खाली स्थानिक अधिकारी आणि शिपाई. ११८ क्रमांकाची बटालियन अशीच १९४२ मध्ये कीव्हमध्ये तयार झाली. तिच्यात मुख्यतः युक्रेनमधले लोक होते आणि अनेकजण लाल सेनेतून कैद झालेले सैनिक होते. वर्षअखेरीस तिला बेलारूसमध्ये, मिन्स्कच्या उत्तरेकडच्या भागात आणले गेले. काम होते जंगलातल्या बंडखोर तुकड्यांना, म्हणजे पार्टिझानांना, मोडून काढण्याचे. हान्स व्योल्के हा याच बटालियनच्या पहिल्या कंपनीचा जर्मन प्रमुख होता. हुद्दा होता कॅप्टनच्या बरोबरीचा.

सात वर्षांपूर्वी लाखभर लोकांसमोर गोळा फेकणारा माणूस आता दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या गावांवर बंदूकधारी घेऊन फिरत होता.

२२ मार्च १९४३

त्या सकाळी प्लेश्चेनित्सीकडून येणाऱ्या रस्त्यावर पार्टिझानांनी दबा धरला होता. टेलिफोनची तार तोडलेली होती. पोलिसांच्या ताफ्यावर गोळीबार झाला आणि त्यात व्योल्के ठार झाला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

पोलिसांनी आधी वाटेवर लाकूडतोड करणाऱ्या कोझिरी गावच्या लोकांना पकडले आणि त्यांतल्या २० हून अधिक जणांना ठार केले. कुऱ्हाड हातात असलेले साधे मजूर होते ते. मग माग काढत पोलीस खातिनला पोचले. पार्टिझान आदल्या रात्री या गावात थांबले होते. चकमक झाली आणि पार्टिझान जंगलात निसटले.

गाव मागे राहिले. घरे २६. ११८ बटालियनच्या पोलिसांसोबत आता ऑस्कर डिर्लेवांगर या एसएस अधिकाऱ्याची कुख्यात तुकडीही होती. सगळ्या गावकऱ्यांना, म्हातारे, आजारी, कडेवरची पोरे यांच्यासह, घरांतून काढून एका मोठ्या कोठारात कोंडले. पेंढा रचून आग लावली. आतल्या लोकांच्या धक्क्याने दार मोडले तेव्हा बाहेर पडणाऱ्यांवर मशीनगन चालवली. सगळ्यात लहान बाळ अवघ्या सात आठवड्यांचे होते. बारानोव्स्की कुटुंबात नऊ मुले होती. त्यांतला १२ वर्षांचा अंतोन पायाला गोळी लागून मेल्यासारखा पडून राहिला, म्हणून वाचला. विक्तर झेलोब्कोविच हा सात-आठ वर्षांचा मुलगा आईच्या मृतदेहाखाली राहिल्यामुळे वाचला. ५६ वर्षांचे योसिफ कामिन्स्की जळालेल्या अवस्थेत शुद्धीवर आले तेव्हा त्यांना मृतदेहांत आपला मुलगा सापडला. तो जिवंत होता. त्याने त्यांच्या हातांवर प्राण सोडला.

"सूड" या शब्दाचा खोटेपणा

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. "विजेत्याला मारले म्हणून गाव जाळले." कोणी कोणी तर पुढे जाऊन "हिटलरचा आवडता खेळाडू" अशी पुस्ती जोडतो. गोष्ट रंगतदार होते खरी, पण तिने सत्य झाकले जाते.

पहिला मुद्दा. व्योल्के जिवंत होता तेव्हाही गावे जळत होती. खातिनच्या नऊ महिने आधी, जून १९४२ मध्ये, डिर्लेवांगरच्या तुकडीने बेलारूसमधल्याच बोर्की गावात हजाराहून अधिक माणसे मारली. तिथे कोणता ऑलिम्पिक विजेता पडला होता?

दुसरा मुद्दा. खातिननंतर दोन महिन्यांनी मिन्स्कच्या उत्तरेला "कोटबुस" नावाची मोहीम झाली. नाझींचा स्वतःचा बेलारूसमधला प्रशासक विल्हेल्म कुबे याने जून १९४३ च्या अहवालात तिचे आकडे दिले : सुमारे ४,५०० शत्रू ठार, आणखी ५,००० संशयित ठार, आणि हाती लागलेल्या रायफली ४९२. हजारो "शत्रू" आणि पाचशेही बंदुका नाहीत! हे शत्रू कोण होते, हे आकडेच सांगतात. शेतकरी होते, बाया होत्या, पोरे होती. कुबे काही मानवतावादी नव्हता, ज्यूंच्या संहारात तोही होता. पण हिशेब लिहिताना त्याच्या कागदावर सत्य उतरले.

तिसरा मुद्दा. बेलारूसमध्ये माणसांसह जाळलेल्या गावांची संख्या ६०० हून अधिक आहे. त्यांतली ४३३ गावे पुन्हा वसली, १८६ कधीच वसली नाहीत. सहाशे गावांसाठी सहाशे विजेते मेले नव्हते. ही ठरलेली राज्यपद्धती होती. रागाच्या भरात झालेल्या कृत्याची मुभा तिला देता येत नाही.

काही लोक आणखी एक युक्तिवाद करतात : पार्टिझानांनी गावात मुक्काम केला नसता तर गाव वाचले असते. गावकऱ्यांच्या जिवाची जोखीम हा गंभीर प्रश्न आहे आणि तो पार्टिझानांना विचारायलाच हवा. पण कोठाराला काडी लावणारा हात कोणाचा होता, याचे उत्तर त्याने बदलत नाही. अत्याचार झाला की आधी पीडितांच्या बाजूचे कोणी काय "चिथावणी" दिली ते शोधायचे, ही सवय जगभर सारखीच आहे. जिथे जिथे वस्ती जळते तिथे तिथे चौकशी वस्तीचीच होते.

दुसऱ्याही बाजूने पदके

इथे आम्हाला सोव्हिएत सत्तेलाही सोडता येणार नाही. ५ जुलै १९६९ रोजी खातिनमध्ये भव्य स्मारक उभे राहिले. जळालेल्या प्रत्येक घराच्या जागी धुराड्यासारखा एक स्तंभ आणि त्यावर घंटा. पुन्हा न वसलेल्या गावांची माती तिथे आणून ठेवली आहे. मध्यभागी मेलेल्या मुलाला हातांवर घेतलेल्या माणसाचा उंच पुतळा आहे.

पण मारणारे कोण, हे सांगताना स्मारक फक्त "फॅसिस्ट" म्हणत होते. त्यांत सोव्हिएत नागरिक होते हे दडवले गेले, कारण राष्ट्रांच्या बंधुभावाच्या अधिकृत कथेत ते बसत नव्हते. ११८ बटालियनचा वरिष्ठ अधिकारी ग्रिगोरी वास्युरा युद्धानंतर शिक्षा भोगून १९५५ च्या माफीत सुटला, कीव्हजवळच्या सरकारी शेतीसंस्थेत उपसंचालक झाला आणि कामाबद्दल त्याला पदकही मिळाले. खातिनमधला त्याचा वाटा उघड झाल्यावर १९८६ मध्ये मिन्स्कमध्ये खटला चालला आणि पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड दिला गेला. पण त्या खटल्याची बातमी लोकांपर्यंत जाऊ दिली नाही.

शिवाय नावाचा प्रश्न आहे. १९४० मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना मारले, त्यातले एक ठिकाण म्हणजे कातिन. मॉस्कोने हा गुन्हा १९९० पर्यंत नाझींच्या माथी मारला. सहाशे गावांतून स्मारकासाठी नेमके खातिन निवडले ते नावाच्या या साधर्म्यामुळे, असा आरोप होतो. हेतू काहीही असो, खातिनचे दुःख खरे आहे. त्याचा वापर करणारे बदलत राहिले.

पदक हा कधीही चारित्र्याचा दाखला नसतो. देणाऱ्याला त्या माणसाकडून काय हवे होते, याचा तो दाखला असतो. बर्लिनमध्ये व्योल्केला मिळालेली बढती आणि कीव्हजवळ वास्युराला मिळालेले पदक आम्ही या एकाच नजरेने पाहतो.

"त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता"?

हा शेवटचा बचाव. काळच तसा होता, एकटा खेळाडू काय करणार?

योहान ट्रोलमान हा सिंती समाजातला मुष्टियोद्धा होता. ९ जून १९३३ रोजी त्याने जर्मनीचे लाइट-हेवीवेट अजिंक्यपद जिंकले. आठवडाभरात ते काढून घेतले गेले. पुढच्या लढतीत तो केस सोनेरी रंगवून आणि अंगाला पीठ फासून रिंगणात उभा राहिला. तुम्हाला आर्य हवा ना, घ्या! त्याने लढत गमावली, पण वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताची भर रिंगणात टर उडवली. १९४४ मध्ये छळछावणीत त्याचा खून झाला. जर्मन मुष्टियुद्ध संघटनेने त्याचे अजिंक्यपद त्याच्या नावावर परत केले ते २००३ मध्ये.

वेर्नर झेलेनबिंडर हा कामगारांमधून आलेला कुस्तीगीर. १९३३ मध्ये पदक घेताना त्याने नाझी सलामी दिली नाही, म्हणून त्याच्यावर बंदी आली. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये तो चौथा आला. पुढे भूमिगत प्रतिकारात काम करताना पकडला गेला आणि २४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

ट्रोलमानला निवडीची संधीच दिली गेली नव्हती, त्याचा जन्म हाच गुन्हा होता. झेलेनबिंडरला संधी होती आणि त्याने ती किंमत मोजून वापरली. व्योल्केलाही ती होती. प्रत्येकाने झेलेनबिंडर व्हावे अशी आमची सक्ती नाही, मरणाची अपेक्षा कोणाकडून करायची नसते. पण मार्गच नव्हता असे म्हणणे म्हणजे ज्यांनी तो मार्ग धरला त्यांना दुसऱ्यांदा मारणे होय.

आम्ही हे का लिहितो

बर्लिन १९३६ आपल्याकडे अभिमानाने आठवले जाते. ध्यानचंद यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने हरवले, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे हुतूतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. हा अभिमान जरूर ठेवावा. पण त्याच शहराच्या कडेला मारझानमध्ये कोंडलेली कुटुंबे त्या आठवणीत यायला हवीत. नाहीतर आपणही ते ऑलिम्पिक तसेच पाहतो, जसे ते दाखवणाऱ्याला दाखवायचे होते.

खातिन जळाले त्याच्या दोन महिने आधी, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांचे भाषण झाले. त्यात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले. एखाद्याच्या गुणांचे मनापासून कौतुक करणे वेगळे आणि त्यापुढे बुद्धी गहाण टाकणे वेगळे. पहिल्यात वावगे काही नाही, दुसरे माणसाला आणि देशाला बुडवते. व्योल्केबाबत हीच कसोटी लावता येते. १६.२० मीटरचे कौतुक करा. पण त्या कौतुकाने त्याच्या पुढच्या सात वर्षांवर पांघरूण घालू नका, आणि त्याच्या मरणाला १४९ मरणांपेक्षा जड वजनमाप लावू नका.

वाचकहो, पुढच्या वेळी कुठल्या पुस्तकात, कुठल्या यादीत हान्स व्योल्केची ती एक ओळ दिसली तर तारखेपाशी थांबा. २२ मार्च १९४३. ती एका विजेत्याची पुण्यतिथी म्हणून वाचायची की खातिनच्या ७५ मुलांचा मृत्युदिन म्हणून, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. आम्ही ठरवले आहे.